मदत हवी आहे : जुन्या ठाण्यात विटांची इमारत, बिल्डर म्हणतो टाईल लावू

नमस्कार मंडळी,
खारकर आळीजवळची आमची तीन मजली सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे, आता अकरा मजले होणार. बिल्डरच्या आर्किटेक्टने दाखवलेल्या एलेव्हेशनमध्ये (दर्शनी बाजूच्या चित्रात) काच, एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्याची शीट आणि रस्त्याला लागून दोन मजले पार्किंगची जाळी. घोडबंदर रोडला खपून जाईल हो, पण समोर कौलारू घरं आणि लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या आहेत! सभेत बरीच खडाजंगी होऊन दर्शनी बाजू विटांची करायचं ठरलं. आता बिल्डर म्हणतो, ब्रिक टाईल लावू, दिसायला तेच.

पश्चिमेकडून पावसाचा मारा थेट येतो. इतक्या उंचीवर चिकटवलेली टाईल टिकते का? खरी वीट घेतली तर पांढरा खार फुटेल का? आणि रस्त्याकडच्या पार्किंगचं काय करावं?

प्रतिसाद :
टाईल सुटून पडली की खाली माणसं असतात, त्यामुळे वरच्या मजल्यांना टाईल लावायला माझा तरी विरोध. खरी वीट लावलीत तरी भार आरसीसी सांगाड्यावरच राहणार. विटेचं वजन दर मजल्याला स्लॅबवर किंवा स्टीलच्या अँगलवर घ्या, आतल्या भिंतीशी स्टेनलेस स्टीलच्या टायने (दोन भिंती जोडणाऱ्या पट्टीने) बांधा, मध्ये पोकळी ठेवा आणि पाणी निघायला तळाशी भोकं.

खाराची परीक्षा घरीच होते. पसरट ताटात 25 मि.मी. पाणी घालून वीट उभी ठेवा, पाणी आटू द्या, पुन्हा तेवढंच घालून आटवा. अंगावर पांढरा थर जमला तर तो माल नको. दुसरी वीट कोरडी वजन करून 24 तास बुडवा. आयएस 1077 या विटांच्या भारतीय मानकानुसार साध्या विटेचं वजन 20 टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये. दर्शनी भागासाठी मी 15 च्या आतच घेतो.

खरं तर इमारत आळीत शोभते ती खिडक्यांमुळे. त्या उभट हव्यात, भिंतीत अर्धी वीट तरी आत घेतलेल्या. आडव्या पट्ट्यांसारख्या केल्यात तर कितीही वीट लावा, सरकारी कचेरीच दिसेल. शेजारच्या पागोळीच्या उंचीला विटांचा बाहेर काढलेला पट्टा द्या आणि जमलं तर वरचे मजले थोडे मागे घ्या. रस्त्याकडे दुकानं, पार्किंग त्यांच्या मागे.

करारनाम्यात नुसतं ‘ब्रिक फिनिश’ चालवून घेऊ नका. भाजलेली वीट, तिची जाडी, टायचा प्रकार, सगळं लिहून घ्या.