मदत हवी आहे: ॲल्युमिनियम कव्हरवर खड्डे आणि रेघा, पास करू की रिजेक्ट?

भोसरी_क्यूसी
क्रँककेस कव्हर (इंजिनाचं झाकण). मशीनिंगनंतर गॅस्केटच्या (तेल अडवणाऱ्या पॅकिंगच्या) तोंडावर बारीक खड्डे, काही नगांवर बाहेरून रेघ. ६०० नग होल्डवर आहेत, उद्या सकाळी गाडी लागतेय. पास की रिजेक्ट? लेक्चर नको.

डायवाला
फोटो नाही, माप नाही, सांगणार कसं? मटेरियल काय? प्रेशर डाय (साच्यात दाबाने भरलेलं) की ग्रॅव्हिटी (नुसतं ओतलेलं)? खड्डा किती मिमी? ड्रॉइंगवर पोरोसिटीची (धातूतल्या पोकळ्यांची) नोट काय आहे?

भोसरी_क्यूसी
एडीसी१२ मिश्रधातू, प्रेशर डायच, अजून काय असणार. खड्डे ०.३ ते ०.८. नोट एवढीच: ब्लो होल (हवेची छिद्रं) नसावेत.

नख_आणि_भिंग
असली नोट म्हणजे भांडणाला आमंत्रण. प्रेशर डायकास्टिंगमध्ये शून्य पोरोसिटी मिळत नाही. व्यास, खोली, दोन खड्ड्यांतलं अंतर हे लिहून घ्यायला हवं होतं.

आता खड्डा १० एक्स भिंगाखाली बघा. गोल आणि आतून चकचकीत असेल तर अडकलेली हवा किंवा डायवर (साच्यावर) मारलेल्या स्प्रेची वाफ. वेडावाकडा, आतून खरखरीत असेल तर श्रिंकेज (गोठताना धातू आकसून पडलेली पोकळी). हे जास्त वाईट, कारण पोकळ्या आतून एकमेकींना जोडलेल्या असतात आणि तेल पाझरतं.

रेघेवर नख फिरवा. अडकत नाही, नुसता रंगाचा फरक आहे: फ्लो मार्क, सोडून द्या. खोलगट आणि कडा गोलसर: कोल्ड शट (थंड झाल्यामुळे धातूचे दोन प्रवाह नीट जुळलेले नाहीत), बोल्टच्या बॉसजवळ (जाड उंचवट्याजवळ) असेल तर बाजूला काढा. रेघ वर उचललेली आणि दर नगावर त्याच जागी: डायला तडे गेलेत, त्यांचा ठसा उमटतोय. कडा धारदार असेल तर कास्टिंगलाच तडा, तिथे चर्चा नको.

इम्प्रेग_भाऊ
इतका कीस कशाला? सगळा लॉट इम्प्रेग्नेशनला (पोकळ्यांत रेझिन भरायला) पाठवा. व्हॅक्यूम, रेझिन, वॉश, ९० अंशाच्या पाण्यात क्युअरिंग, विषय संपला.

डायवाला
संपला कसा? उघड्या खड्ड्यातलं रेझिन वॉशमध्येच निघून जातं, ०.८चा खड्डा ०.८चाच राहतो. आतल्या सूक्ष्म वाटा तेवढ्या बंद होतात. कोल्ड शटला ताकद तर अजिबात येत नाही.

वाळूजकर
एएसटीएम ई५०५ लावा आणि डीपी (तडे दाखवणाऱ्या रंगीत द्रवाची तपासणी) करून मोकळे व्हा.

नख_आणि_भिंग
ई५०५ म्हणजे एक्स-रेचे संदर्भ फोटो, आतल्या दोषांसाठी. वरच्या खड्ड्याला ते कसं लावणार? आणि डीपी शॉट ब्लास्टनंतर (बारीक गोळ्यांच्या माऱ्यानंतर) केली तर ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे तड्याचं तोंड दाबून बंद झालेलं असतं, खराब नग पास होतो. ते तोंड उघडायला कॉस्टिकने एच केलं (वरचा थर खाऊन काढला) तर एडीसी१२ काळं पडतं. तो सिलिकॉनचा थर नुसत्या नायट्रिक ॲसिडने जात नाही आणि एचएफ (हायड्रोफ्लोरिक ॲसिड) छोट्या शॉपमध्ये आणू नये. म्हणून डीपी ब्लास्टच्या आधी. पेनेट्रंट (तो रंगीत द्रव) १० मिनिटं ठेवा, रिमूव्हर कापडावर घेऊन पुसा, थेट मारू नका, नाहीतर खड्ड्यातलं पेनेट्रंटही धुतलं जातं.

एलएम२५_प्रेमी
एलएम२५ मिश्रधातू घ्या, टी६ (ताकद वाढवायला उष्णता देणं) करा. ताकद बघा मग.

डायवाला
ताकदीचं कोणी विचारलं? साध्या प्रेशर डायकास्टला टी६ दिलं तर आतला वायू फुगून पृष्ठभागावर फोड येतात.

@भोसरी_क्यूसी, तोंडावर मशीनिंगला मटेरियल किती ठेवलंय?

भोसरी_क्यूसी
आधी ०.५ होतं. कव्हर वाकत होतं म्हणून डाय दुरुस्तीत १.८ केलं. त्याचा काय संबंध?

डायवाला
सगळा संबंध तोच! डायला लागून लवकर गोठलेली वरची कातडी घट्ट असते, साधारण अर्धा ते एक मिमी. तुम्ही ती पूर्ण काढून आतली पोरोसिटी उघडी करताय. अलाउन्स (ते जादा मटेरियल) पुन्हा कमी करा, वाकण्याचं कारण इजेक्शन (नग डायमधून बाहेर ढकलणं) आणि कूलिंगच्या वेळेत शोधा. बिस्किटची (दट्ट्यापुढे उरणाऱ्या धातूच्या चकतीची) जाडीही बघा. पातळ पडत असेल तर शेवटचा दाब आत पोहोचत नाही.

उद्यासाठी खड्डा कुठे पडलाय त्यावरून वेगळे करा. तोंडाच्या पट्टीच्या मधोमध एकटा असेल तर एका ढिगात, पट्टीच्या काठाला फुटलेला किंवा ओळीने आलेले दुसऱ्या ढिगात. पहिल्या ढिगाची शंभर टक्के लीक टेस्ट घ्या आणि कस्टमरकडून लिमिट सॅम्पलवर (चालेल तितक्या दोषाच्या नमुना नगावर) सही. सहीशिवाय गाडीत काही चढवू नका.

भोसरी_क्यूसी
लीक टेस्टचं फिक्स्चर नाही.

नख_आणि_भिंग
जाड एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, वर रबर शीट, चार टॉगल क्लॅम्प. ऑइल सीलच्या बोअरला रबरी प्लग. हवा ड्रॉइंगवरच्या दाबाची, त्याहून जास्त नको, नाहीतर कव्हर फुगून रबरातूनच गळेल. पाण्यात बुडवल्यावर नगाला चिकटलेले बुडबुडे आधी हाताने पुसा. त्यानंतर एकाच जागेतून सलग येतात तेवढेच धरा.

गॅरेजवाला
स्कूटरच्या हेडला तडा आहे, आर्गन वेल्डिंग चालेल का?

डायवाला
वेगळा धागा काढा. आणि तडा व्हॉल्व्ह सीटच्या मधे आहे की प्लगच्या आट्यांत, ते पहिल्या ओळीत लिहा.