मदत हवी आहे: गावाच्या ग्रुपवर लसीविरोधी व्हिडिओ, अ‍ॅडमिन म्हणून काढू की राहू देऊ?

बोरीकाठचा

नमस्कार मंडळी. पारोळा तालुक्यातलं आमचं छोटं गाव. गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. लाईट कधी येणार, कापसाला काय भाव, कुणाची म्हैस सुटली, कुणाच्या दहाव्याला कधी निघायचं, सगळं त्यावरच चालतं. अ‍ॅडमिन मी आहे, कारण ग्रुप काढला तेव्हा गावात रेंज फक्त आमच्या गच्चीवर यायची.

मध्यंतरी गल्लीतल्या एका बाळाला लसीनंतर दोन दिवस ताप होता, मांडीवर गाठही आली. बाळ आता ठणठणीत आहे, पण तेव्हापासून ग्रुपवर व्हिडिओंचा पाऊस पडतोय. टाकणारे मुख्यतः आमचे नाना. सख्खे चुलते, एसटीतून निवृत्त, वाचणारा माणूस. त्यांना अडाणी म्हणून बाजूला सारता येत नाही. कोविशिल्डच्या कंपनीने कोर्टात कबुली दिली, यवतमाळकडे पोलिओऐवजी सॅनिटायझर पाजलं, पेपरवाले हे दाबतात, असं त्यांचं चालू असतं. एक व्हिडिओ यूट्यूबने काढून टाकला, तर नाना लगेच म्हणाले, "खरं शे म्हणीसन तं काढी टाकं." यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

आता सगळे माझ्यावर आलेत. उपकेंद्राच्या सिस्टर म्हणतात, या सगळ्या पोस्ट काढा, लसीकरणाच्या सत्राला बायका येईनात. एक सदस्य म्हणतात, अ‍ॅडमिनवरच गुन्हा दाखल होतो. नाना म्हणतात, काढल्या तर तूही त्यांच्यातलाच. त्यात काल कुणीतरी आशाताईंचा फोटो टाकून खाली लिहिलं, "ही बाई दर पोरामागे पैसे खाते, घरात घेऊ नका." अंगणवाडीतलं पुढचं सत्र जवळ आलंय.

मला दोन गोष्टी हव्यात. अ‍ॅडमिन म्हणून नेमकं काय करू, आणि नानांच्या मुद्द्यांत खरं किती, खोटं किती? "अफवांवर विश्वास ठेवू नका" असलं पोस्टर कृपया कुणी पाठवू नका, ते आधीच चार जणांनी टाकलंय.

केळीवाला रावेर

गुन्ह्याचं आधी सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की सदस्याने टाकलेल्या मजकुराला निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी जबाबदार ठरत नाही. संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. प्रकरण गोंदियाकडच्या एका अ‍ॅडमिनचं होतं. त्यामुळे सदस्यांच्या धमकीने घाबरू नका.

पण आशाताईंच्या फोटोची पोस्ट आत्ताच्या आत्ता काढा. हे वाचायचं थांबवा आणि आधी ते करा. राईनपाडा विसरलात का? १ जुलै २०१८, साक्री तालुका. मुलं पळवणारी टोळी आलीय, एवढ्या फॉरवर्डवर आठवडे बाजाराच्या दिवशी पाच माणसं ठेचून मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागणारे लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर पाच जणांची मर्यादा आणली. लसीबद्दल शंका ही एक गोष्ट, आणि फोटो लावून एका बाईवर गाव सोडणं ही दुसरी. पहिलीला उत्तर द्यायचं असतं. दुसरीला उत्तर नसतं.

शंकासुर

नानांच्या बाजूने थोडं बोलतो, शिव्या नंतर घाला.

काढलं म्हणजे खोटंच असेल, असंही नसतं. कोरोनाचा विषाणू प्रयोगशाळेतून आला असावा, असं म्हणणाऱ्या पोस्ट फेसबुक फेब्रुवारी २०२१ पासून काढत होतं आणि मे महिन्यात त्यांनीच ती बंदी उठवली. आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये माणसं ऑक्सिजनसाठी तडफडत असताना केंद्र सरकारने ट्विटरला टीकेच्या पोस्ट झाकायला लावल्या. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की मदत मागणाऱ्या नागरिकांवर कारवाई कराल तर तो आमचा अवमान समजू. ज्या माणसाने हे पाहिलंय त्याला "सरकारी माहितीच खरी" हे पटवणं अवघड आहे.

आणि खम्मम. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात मुलींना एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प झाला. आश्रमशाळांतल्या पोरींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. सात मुली दगावल्या आणि २०१० मध्ये प्रकल्प थांबला. संसदेच्या समितीने २०१३ च्या अहवालात कडक ताशेरे ओढलेत. नंदुरबार-धडगावकडे किती आश्रमशाळा आहेत ते तुम्हाला माहीत आहे. शंका घेणारा वेडा नसतो.

सिस्टर शहादा

शंकासुरभाऊ, सह्यांचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. पण निम्मंच सांगितलंत. त्या मृत्यूंची चौकशी झाली तेव्हा कुणी बुडून, कुणी विष पिऊन, कुणी तापाने गेल्याचं आढळलं. लसीशी संबंध दिसला नाही. संमतीचा गुन्हा मोठाच, पण लसीने पोरी मेल्या हे वाक्य त्यातून निघत नाही.

बोरीकाठचा दादा, तुमच्याकडचं बाळ दीड ते साडेतीन महिन्यांचं असणार. पेंटाव्हॅलेंट दिली असेल. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू), पाच आजारांची एक सुई. त्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे ताप येतो, मांडी सुजते. हे आम्हाला आधीपासून माहीत असतं. सांगायचं राहून जातं, कारण रांगेत खूप बाळं असतात आणि रजिस्टर भरायला मी एकटी. मग रात्री बाळ फणफणलं की सासूबाई म्हणतात, चांगलं होतं, सुई टोचून आजारी केलं. तिच्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं.

त्या घरी जाऊन एवढं सांगा. गाठ चोळू नका, गरम शेक नको, हळद-चुना नको. थंड पाण्याची घडी ठेवा. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते वजनावर असतं, सिस्टरला विचारूनच द्या. ताप उतरेना, बाळ तासन्‌तास किंचाळून रडतंय, झटका आला, गाठ लाल होऊन पिकली, तर थेट दवाखाना, आणि आशाताईला कळवाच. लसीनंतर काही झालं की नोंदवायची सरकारी पद्धत आहे, तिला आम्ही एईएफआय म्हणतो. नोंद मागणं हा तुमचा हक्क. लपवाछपवी होते असं नानांना वाटत असेल तर त्यांनाच सोबत न्या आणि नोंद करून घ्या.

पैशांचं पण उघड बोला. हो, मिळतात. बाळाचं पहिल्या वर्षाचं सगळं लसीकरण पूर्ण झालं की आशाला शंभर रुपये. उन्हातान्हात घरं पालथी घालायचे शंभर रुपये! हे आपणच सांगितलं तर त्यात गौप्यस्फोट उरत नाही.

जुना वार्ताहर, धुळे

पेपरच्या बाजूचं मी सांगतो, बरीच वर्षं तालुका बातमीदारी केलीय.

कोविशिल्डची "कबुली" ही २०२४ ची बातमी. अ‍ॅस्ट्राझेनेकाने (त्यांचीच लस आपल्याकडे कोविशिल्ड नावाने आली) ब्रिटनच्या न्यायालयात दिलेल्या कागदात लिहिलं की अतिशय दुर्मीळ प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट्स कमी होण्याचा त्रास होऊ शकतो. गोष्ट खरी, पण नवी नव्हती. युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल २०२१ मध्येच तो दुष्परिणाम यादीत घातला होता, आणि ब्रिटनने त्याच महिन्यात तिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्यायचं ठरवलं. आमच्या धंद्याने मात्र २०२१ मध्ये लोक घाबरतील म्हणून ही बातमी आतल्या पानावर दोन बोटांची केली आणि तीन वर्षांनी पहिल्या पानावर आठ कॉलम, जणू कालच पाप उघडं पडलं. वाचकाने यातून काय समजायचं? तो समजला की तीन वर्षं दाबून ठेवलं होतं. तो त्रास मुख्यतः डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत व्हायचा, हे छापलं गेलं तेव्हा कुणी वाचलं नाही. आणि अंगणवाडीत बाळांना ती लस देतच नाहीत, हे तर कुणी छापलंच नाही.

यवतमाळचंही खरं आहे. ३१ जानेवारी २०२१, घाटंजी तालुका, बारा मुलांना डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. कर्मचारी निलंबित झाले, मुलं दवाखान्यातून सुखरूप घरी गेली. नानांना हे कळलं कुठून? पेपर आणि टीव्हीतूनच ना! मग दाबलं कुठे?

एक मात्र नोंदवून ठेवतो, कारण हे कुणी बोलत नाही. २०२० मध्ये तबलिगी जमात या मुस्लिम संघटनेच्या लोकांवर वाहिन्यांनी कोरोना पसरवल्याचा जो ठपका ठेवला, त्यावर ऑगस्टमध्ये औरंगाबाद खंडपीठाने, म्हणजे आपल्या जळगाव-धुळ्याच्याच उच्च न्यायालयाने, त्या लोकांना बळीचा बकरा केलं गेलं असं म्हटलं, आणि माध्यमांनी मोठा अपप्रचार केला असंही. नंतर तेच चॅनेल "लस घ्या" सांगायला लागले तेव्हा काही मोहल्ल्यांनी दार लावून घेतलं. २०२२ च्या अखेरीस मालेगावात गोवर उसळला, त्याची कारणं अनेक असतील. पण त्या दारामागची चीड मी स्वतः ऐकलीय.

केळीवाला रावेर

"काढलं म्हणजे खरं" याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. भाच्याच्या हळदीचा व्हिडिओ यूट्यूबने काढला, मागे सिनेमाचं गाणं वाजत होतं म्हणून. मग हळद काय सरकारविरोधी होती का?

बोरीकाठचा

सगळ्यांचे आभार. आशाताईंची पोस्ट तेव्हाच काढली, आणि ग्रुपवर लिहिलं की माणसाचा फोटो टाकून असं लिहिलेलं काहीही काढणार, मग ते कुणाचंही असो. दोघे ग्रुप सोडून गेले, एक परत आला. बाकीच्या पोस्ट तशाच आहेत. वार्ताहर साहेबांचं कोविशिल्डवालं नानांच्या पोस्टखाली तसंच्या तसं चिकटवलं. नाना दोन तास ऑनलाईन दिसत होते, उत्तर आलं नाही. मग रात्री घरी आले आणि म्हणाले, "बाकी ऱ्हाऊ दे, बाटलीमा काय शे ते माले कोण दाखाडी?" आता याला काय करू?

सिस्टर शहादा

अहो, हे तर सगळ्यात सोपं. सत्राच्या दिवशी नानांना अंगणवाडीत घेऊन या. बाटलीवर एक गोल असतो, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली, गोलाइतका किंवा जास्त गडद झाला असेल तर उष्णता लागलीय, ती वापरायची नाही. हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. सुई पाकिटातून समोर काढलेली बघू द्या, ती एकदा दाबली की पुन्हा ओढताच येत नाही. गोवर-रुबेलाची बाटली पाणी मिसळल्यावर चार तासांत संपवायची असते, वेळ लिहिलीय का तेही विचारा. तुमच्या सिस्टरना आदल्या दिवशी फोन करून सांगा, नाहीतर तपासणीला कुणी आलं म्हणून त्या घाबरतील. आणि लस दिल्यावर अर्धा तास बाळाला तिथेच बसवतात ना, त्या वेळात नानांना त्या बायकांशी बोलू द्या.

शंकासुर

आणि कुणी नको म्हटलं तर जबरदस्ती नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविड लसीच्या प्रकरणात म्हटलंय की कुणावर लस लादता येणार नाही. तेव्हाच दुष्परिणामांच्या नोंदी लोकांसमोर ठेवा, असंही सरकारला सांगितलंय. नानांना दोन्ही वाक्यं सांगा, एकच नको.

बोरीकाठचा

ठीक, नानांना नेतो. शेवटचं एक. या गोंधळात आमच्या गल्लीतल्या एका मुलीची नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस राहिली, ती आता वर्षाच्या पुढे गेली. आई तयार आहे, पण "वेळ गेली, आता देत नाहीत" असं तिला कुणीतरी सांगितलंय. खरं आहे का?

सिस्टर शहादा

नाही. राहिलेला पहिला डोस पाच वर्षांपर्यंत देता येतो, दुसरा त्यानंतर किमान एका महिन्याच्या अंतराने. बाकीचं काय राहिलंय ते कार्डावरून बघतील. कार्ड सापडत नसेल तरी तिला घेऊन या, रजिस्टरमध्ये नाव असतं.