थेट फ्रीफॉर्मवर उडी नको

कलवलेल्या आरशांची ऑप्टिकल सिस्टिम डिझाइन करताना काहीजण सुचवतात की सगळे आरसे सुरुवातीपासूनच फ्रीफॉर्म (गोलासारखी सममिती नसलेल्या आकाराचे) घ्यायचे, म्हणजे सगळ्यांवर झर्निके टर्म्स (पृष्ठभागाचा आकार ठरवणाऱ्या गणिती पदावल्या) मोकळ्या सोडायच्या आणि ऑप्टिमायझर (सर्वात चांगले आकडे शोधणारं सॉफ्टवेअर) चालवायचा, मला हे अजिबात पटत नाही, कारण सुरुवातच चुकीची असेल तर सॉफ्टवेअर जवळच्याच एखाद्या लोकल मिनिममला (आसपासच्यांपेक्षा बरं, पण सर्वोत्तम नसलेल्या उत्तराला) अडकतं आणि मग कितीही टर्म्स वाढवा, फरक पडत नाही.

आधी फक्त मधला किरण घ्या आणि त्याला चिकटून जाणारे किरण कुठे जुळतात ते हाताने काढा. समजा १००० मिमी त्रिज्येचा गोलीय आरसा आहे, लांबून येणारा प्रकाश त्यावर ३० अंशांनी पडतोय. कलण्याच्या प्रतलातले किरण ४३३ मिमीवर जुळतात, त्याला काटकोनातले ५७७ वर. दोन फोकसमधला हा फरक म्हणजेच एवढं मोठं अ‍ॅस्टिग्मॅटिझम! आता काटकोनातली त्रिज्या कोसाइनच्या वर्गाने गुणून ७५० करा, दोन्ही फोकस ४३३ वर येतात, आणि अजून एकही फ्रीफॉर्म टर्म वापरलेली नाही.

यानंतर नोडल थिअरी (एरर फील्डमध्ये कुठे शून्य होते ते सांगणारी; शॅक या ऑप्टिक्सच्या अभ्यासकाची कल्पना, केविन थॉम्पसनने १९८० च्या प्रबंधात पूर्णपणे मांडलेली) खरंच वाचाच. कलवलेल्या सिस्टिममध्ये अ‍ॅस्टिग्मॅटिझम फील्डमध्ये, म्हणजे सिस्टिमला दिसणाऱ्या क्षेत्रात, दोन वेगवेगळ्या जागी शून्य होऊ शकतं, त्यामुळे फक्त मधला स्पॉट बघून काही कळत नाही, पूर्ण फील्डचा नकाशा काढा. एरर सगळीकडे सारखी दिसली तर स्टॉपवरच्या (किरणांचा झोत जिथे मर्यादित होतो त्या जागेवरच्या) आरशाला फ्रीफॉर्म टर्म द्या, फील्डनुसार बदलत असेल तर स्टॉपपासून लांबच्या आरशाला.