मदत हवी आहे: संग्रहातला परदेशी खेकडा ओळखायचा आहे

नागपूरच्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र संग्रहात स्पिरिटच्या बरणीत एक खेकडा आहे. लेबलवरची शाई धुऊन गेलीय. रजिस्टरमध्ये नोंद एवढीच: 'आक्रमक किनारी खेकडा, परदेशी'. कवच 62 मिमी रुंद, 48 मिमी लांब. आपल्याकडच्या ओढ्यातल्या खेकड्यापेक्षा वेगळा, कडेला ठळक दात आहेत. युरोपातला हिरवा खेकडा (कार्सिनस मीनस) वाटतो, पण रंग पार पिवळट आहे. विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याआधी नाव पक्कं हवं. काय तपासू?

उत्तर १
सर, रंग सोडूनच द्या. स्पिरिटमध्ये तो उतरतो, आणि जिवंतपणीही हा खेकडा हिरवा, नारिंगी, लालसर असा कसाही असतो. कात टाकून बरेच दिवस झालेले नर तर चांगलेच लाल दिसतात.

दात मोजा. हातमोजे घालून खेकडा ट्रेमध्ये घ्या, मऊ ब्रशने कडेची घाण काढा आणि टॉर्च बाजूने तिरपा धरा, म्हणजे दातांच्या सावल्या पडतात. डोळ्याच्या खाचेच्या बाहेरच्या कोपऱ्यावरचा दात हा पहिला. बहुतेकांची मोजणी इथेच चुकते, तो सोडून देतात आणि पाचाचे चार होतात. एखादा दात तुटलेला असू शकतो, म्हणून दोन्ही बाजू मोजा.

दर बाजूला 5 दात असतील तर तुमचा अंदाज बरोबर दिशेने आहे. 3 असतील आणि कवच चौकोनी असेल तर आशियाई किनारी खेकडा, 4 आणि नांग्यांवर लोकरीसारखे दाट केस असतील तर चिनी मिटन खेकडा. बाजारात बर्फावर येणाऱ्या चिंबोरीला 9 असतात.

मग दोन डोळ्यांच्या मधली कड बघा, तिथे 3 बोथट उंचवटे हवेत. शेवटच्या पायाचं टोक किंचित चपटं पण टोकदार हवं. ते वल्ह्यासारखं रुंद गोल असेल तर तो कार्सिनस नाही. काम होईपर्यंत खेकडा ओलाच ठेवा, वाळला की पाय सांध्यातून निखळतात.

प्रश्नकर्ता
दोन्ही बाजूंना 5. उंचवटे 3. शेवटचा पाय टोकदार. पोटाखालचा पट्टा अरुंद, त्रिकोणी.

उत्तर २
म्हणजे नर आहे, हे बरंच झालं. कार्सिनस ठरलाच, पण भूमध्य समुद्रातला जुळा भाऊ कार्सिनस एस्टुआरी अजून बाद व्हायचा आहे. पोटाचा पट्टा चिमट्याने हलकेच उचला. खाली जननांगाच्या दोन काड्या दिसतील. सरळ आणि एकमेकींना समांतर असतील तर एस्टुआरी, धनुष्यासारख्या बाहेर वाकलेल्या असतील तर मीनस. जोर लावू नका, जुन्या नमुन्यात पट्टा मुळापासून तुटतो.

प्रश्नकर्ता
बाहेर वाकलेल्या आहेत, दोन्ही.

उत्तर २
मग कार्सिनस मीनस, नर. लेबलवर 'आक्रमक' मात्र लिहू नका. हा खेकडा युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर मूळचाच आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 1817 मध्ये नोंदला गेला, 1989 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात पोचला, तिथे तो आक्रमक. तुमचा नमुना कुठून आला ते रजिस्टर सांगत नाही, तेव्हा 'ठिकाण अज्ञात' हेच खरं.

लेबल जाड कागदावर पेन्सिलीने लिहून बरणीच्या आत टाका, बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. स्पिरिट 70 टक्के ठेवा आणि झाकणाच्या कडेला ग्रीस लावा. नागपूरच्या एप्रिल-मे मध्ये बरणीतली पातळी झपाट्याने खाली जाते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत दर आठवड्याला बघत जा.