मदत हवी आहे: गुऱ्हाळात जळणाऱ्या चिपाडांचा कार्बन डायऑक्साइड हिशेबात धरायचा का?

नमस्कार मंडळी,

पन्हाळा तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे, काका चालवतात. गूळ परदेशी पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याचा फॉर्म आलाय. किलोभर गुळामागे इंधनातून किती कार्बन डायऑक्साइड निघतो, ते लिहायचंय. काकांनी हे काम माझ्यावर सोपवलंय.

चरकाच्या डिझेल इंजिनाचं सोपं आहे. लिटरमागे साधारण 2.7 किलो. (लिटरभर डिझेल किलोभरही भरत नाही, मग एवढं वजन आलं कुठून, हे काकांनी विचारलंच. दर 12 ग्रॅम कार्बनला हवेतला 32 ग्रॅम ऑक्सिजन जोडला जातो, म्हणून.)

अडलंय ते चुलवणापाशी, म्हणजे रस आटवायच्या भट्टीपाशी. तिथे फक्त वाळवलेली चिपाडं जळतात. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची शास्त्रीय समिती) 2006 च्या मार्गदर्शिकेत एक टेराज्यूल (एक लाख कोटी ज्यूल) उष्णतेमागे दगडी कोळशाला 94.6 टन कार्बन डायऑक्साइड धरलाय आणि चिपाडासारख्या जैव इंधनाला 100 टन. म्हणजे चिमणीतून कोळशापेक्षा जास्तच! पण तीच मार्गदर्शिका सांगते, की हा कार्बन डायऑक्साइड वेगळा नोंदवा, इंधनाच्या बेरजेत मिळवू नका. ते मला पटतं. हा कार्बन उसाने वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतूनच घेतलेला असतो, पुढचं पीक तो पुन्हा घेतं. कोळशाचा कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीत पडून होता.

फॉर्ममध्ये रकाना एकच आहे. तिथे फक्त डिझेलचा आकडा लिहून चिपाडांचा खाली टीप म्हणून दिला, तर चालतं का? काही गुऱ्हाळांत जुने टायर जाळतात. काका चुलवणाजवळ रबराचा तुकडाही येऊ देत नाहीत, त्यासाठी चिपाडं वाळेपर्यंत थांबतात. हा फरक कागदावर दिसायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं म्हणजे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. हेही हवामान तापवणारे वायू, आणि पीक ते परत घेत नाही, म्हणून जैव इंधन असलं तरी हे दोन्ही मोजावेच लागतात. उद्योगांसाठी टेराज्यूलला 30 किलो मिथेन धरतात, पण बॉयलर आणि आमचं चुलवण यांत जमीन-अस्मानाचा फरक. चिपाडं जरा ओली राहिली की नुसता धूर होतो. मग हाच आकडा वापरायचा का? आणि चिपाडं रोज तोलणं शक्य नाही. गाळलेल्या उसाच्या वजनावरून अंदाज काढला, तर ओलाव्याचं काय करायचं?

साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पात कुणी असा हिशेब केला असेल, तर कृपया पद्धत सांगा. फॉर्म महिनाअखेरीला द्यायचाय.