मदत हवी आहे: गाडी पीयूसीत नापास, दोन्ही कॅटालिटिक बदला म्हणतायत

कळंब्याचा_गडी:
मंडळी अर्जंट आहे. पीयूसी संपली म्हणून काल काढायला गेलो तर तिथलं पोरगं म्हणतंय नापास. धूर तर कुठंच दिसत नाही. गॅरेजवाल्याला दाखवली तर तो म्हणाला कॅटालिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) गेलाय, शोरूमला फोन केला तर म्हणे दोन असतात, दोन्ही बदलावे लागतील, ६२ हजार. सायलेन्सरच्या डब्याला ६२ हजार?? शनिवारी बहिणीला आणायला गोव्याला जायचंय आणि वाटेत कागद बघतातच. स्वस्तात आणि कायद्यात बसेल असं कुठं होईल, लवकर सांगा.

पाना_पक्कड:
गाडीचं साल? पेट्रोल का डिझेल? बीएस (प्रदूषणाचा टप्पा) किती? चिठ्ठीवर आकडे काय आलेत? काहीच न लिहिता लवकर सांगा म्हणताय, आम्ही काय इथं कौल लावून बसलोय?

रंकाळ्याचा_वारा:
भावा ६२ हजार घालू नको. उद्यमनगरात माझा माणूस आहे, डबा कापून आतलं जाळं फोडून काढतो आणि परत वेल्डिंग मारतो, हजार-बाराशेत काम. मागच्या ऑक्सिजन सेन्सरला एक नळी घातली की चेक इंजिनची लाईट पण लागत नाही. माझी दोन वर्षं तशीच पळतीया, पिकअप पण वाढलाय. नाद खुळा.

पाना_पक्कड:
पिकअप वाढला म्हणं. अहो त्यांनी कायद्यात बसेल असं विचारलंय. नळी घालून सेन्सर फसेल, पण पीयूसीचं मशीन सेन्सर बघत नाही, सायलेन्सरमधनं काय बाहेर पडतंय ते बघतं. पेट्रोल बीएस ४ असेल तर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साईड ०.३ टक्के आणि एचसी म्हणजे न जळालेलं इंधन २०० पीपीएमच्या आत लागतं, वर २५०० आरपीएमला सीओ ०.२ च्या आत. जाळ्याशिवाय या आकड्यांत बसवून दाखवा. आणि कंपनीचा पार्ट असा काढणं म्हणजे बेकायदा बदल, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. पीयूसी नसताना सापडलात तर १०,००० पर्यंत वेगळेच.

रंकाळ्याचा_वारा:
आजवर आत गेलेला एक माणूस दाखवा की.

पाना_पक्कड:
तुमची पीयूसी मग पास कशी होते ते दाखवा की.

रंकाळ्याचा_वारा:
ते आमचं आम्ही बघतो.

गगनबावडा_एक्स्प्रेस:
टेस्टच्या वेळी गाडी गरम होती का? कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे डिग्री तापल्याशिवाय कामच करत नाही. घरातनं निघून कोपऱ्यावरच्या पीयूसीला गेला असशील तर नापासच होणार. हायवेला शिरोलीपर्यंत जाऊन ये, २० मिनिटं तिसऱ्या गिअरवर ओढ आणि इंजिन बंद न करता थेट मशीनला लाव. टाकीत क्लीनरची एक बाटली घाल. माझी तशीच पास झाली होती.

कळंब्याचा_गडी:
पेट्रोल, २०१८, बीएस ४, ८७ हजार किमी. कंपनीचं नाव लिहीत नाही, मागच्या धाग्यात त्यावरनंच भांडणं झाली. चिठ्ठीवर सीओ ०.९४, एचसी ४३०. गरम करून पण बघितली आज, हायवेला जाऊन आलो, सीओ ०.८८. बाटलीचे साडेचारशे गेले ते वेगळंच.

सानोझेकर:
आमच्याकडे कॅलिफोर्नियात असलं चालतच नाही. बाहेरचा कन्व्हर्टर बसवायचा तर त्यावर कार्बचा (इथलं हवा प्रदूषण मंडळ) मंजुरी नंबर कोरलेला लागतो. आणि फेडरल कायद्याने कंपनीला ८ वर्षं किंवा ८०,००० मैल वॉरंटी द्यावीच लागते. तुम्ही वॉरंटी विचारली का?

रंकाळ्याचा_वारा:
दादा तो कळंब्यात राहतोय. तिथं परवापासनं पाणी नाही, मंजुरी नंबर कुठला.

देशमुख_डिझेल:
डीपीएफ (डिझेलच्या काजळीची जाळी) चोक झालं असणार. हायवेला रीजनरेशन होऊ द्या म्हणजे काजळी जळेल, आणि ॲडब्लू (डिझेल गाडीचं धूर साफ करायचं द्रव) चेक करा.

पाना_पक्कड:
वर पेट्रोल लिहिलंय.

फुलेवाडी_फास्ट:
माझ्या दुचाकीची पीयूसी पण संपली आहे, बीएस ४ आहे, सहा महिन्यांची मिळते का वर्षाची?

उद्यमनगरची_लेक:
गडी, मला एवढंच सांगा, चेक इंजिनची लाईट लागते का? आणि चढाला मिचमिचते का?

कळंब्याचा_गडी:
लागते की, दिवाळीपासनं लागलेलीच आहे. जोतिबाच्या चढाला मिचमिचते आणि गाडी जरा गचके खाते, पण सपाटीला ठीक असते. रात्री डोळ्यावर यायची म्हणून मी त्यावर काळी टेप लावली. त्याचा पीयूसीशी काय संबंध?

पाना_पक्कड:
टेप!!

उद्यमनगरची_लेक:
हेच पहिल्या ओळीत लिहायचं होतं हो. मिचमिचते म्हणजे एखादा सिलिंडर मिसफायर मारतोय. तिथलं पेट्रोल न जळता तसंच सायलेन्सरमध्ये जातं आणि तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये पेटतं. आत सिरॅमिकचं मधाच्या पोळ्यासारखं जाळं असतं, ते मग वितळून गोळा होतं. म्हणजे डबा हा आजार नाही, आजार कॉइलमध्ये (प्लगला ठिणगीची वीज देते ती) नाहीतर प्लगमध्ये आहे. तो काढायच्या आधी नवा डबा बसवलात तर तोही असाच जळणार आणि ६२ हजार पंचगंगेत.

दुसरं, दोन्ही बदला हे कशावरनं ठरवलं ते विचारा. स्कॅनरला पी ०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड) आला असेल तर बहुतेक गाड्यांत तो पुढच्या, इंजिनला चिकटून असलेल्या डब्याबद्दलच बोलतो, कारण मागचा सेन्सर त्या डब्यानंतर लगेच बसवलेला असतो. ग्राफ बघायला लावा. पुढच्या सेन्सरची रेघ ०.१ ते ०.९ व्होल्ट अशी वर-खाली नाचतीच, मागच्याची बऱ्यापैकी सरळ पाहिजे. दोन्ही सारख्याच नाचत असतील तर डबा गेला. आणि गाडी थंड असताना खालनं हाताच्या मुठीनं हळू ठोकून बघा, खुळखुळ वाजलं तर जाळं फुटलंय. दुसऱ्या डब्यात दुर्बीण घालून बघता येतं, तुकडे अडकलेत का ते.

सानोझेकर:
करेक्ट, इकडे पण मेकॅनिक हेच सांगतात.

रंकाळ्याचा_वारा:
मग आधी का नाही सांगितलं दादा.

कळंब्याचा_गडी:
अपडेट. आज दुसऱ्या गॅरेजला रॅम्पवर घेतली. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल चिरलेली, प्लग कोळशासारखा काळा. पुढच्या डब्याला मूठ मारली तर आत बाळाचा खुळखुळा. खोलून बघितलं तर जाळ्याचा अर्धा भाग काचेसारखा वितळून एका बाजूला चिकटलाय, दुसरा बाजूला पडून लोळतोय. मागचा डबा दुर्बिणीतनं बघितला, भोकं साफ आहेत, तो ठेवायचा. कॉइल आणि चारी प्लग मिळून ५,६००. पुढचा एकटा डबा ओरिजिनल ३७ हजार, मंगळवारी येणार. म्हणजे शनिवारी गाडी रॅम्पवरच, मी एसटीनं जाणार. बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली टेप लावायची अक्कल कुणी दिली. लेकताई, आभार. गॅरेजवाला बिचारा भला माणूस आहे, जुना डबा घरी नेऊन काय करणार, मीच टाकून देतो म्हणाला.

पाना_पक्कड:
अहो थांबा!! त्या जाळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर असतो, वितळलं तरी धातू कुठं जात नाही. भंगारवाले हजारोंनी घेतात. टाकून देतोय म्हणं. आधी डबा घ्या, पार्ट नंबरचं पक्कं बिल मागा, मग एसटी पकडा.

कळंब्याचा_गडी:
आयला. निघालो.

फुलेवाडी_फास्ट:
माझ्या दुचाकीचं कोण सांगणार?