सहा भुजांचा ऑक्टोपस

'जुन्या राक्षसपटांची मजा म्हणजे त्यातला नकलीपणा बघून हसणं' हे मत मला अजिबात पटत नाही. १९५५ चा 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी' घ्या. गोल्डन गेट पुलाला विळखा घालणाऱ्या त्या अजस्र ऑक्टोपसला आठ नाही, सहाच भुजा आहेत. बजेट तुटपुंजं, म्हणून त्याला पडद्यावर जिवंत करणाऱ्या रे हॅरीहाउसेननी दोन गाळल्या. ऑक्टोपसची बाहुली केसभर हलवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा केसभर हलवायची; पडद्यावरच्या एका सेकंदासाठी २४ फ्रेम! शहराच्या रस्त्यावरून ती भुजा चाचपडत पुढे सरकते तेव्हा भुजा मोजायचं भान कुणाला राहतं?

आणि १९५४ चा 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'. पाण्याखालच्या दृश्यांत त्यातला जलराक्षस झालेले रिकू ब्राउनिंग त्या जड रबरी पोशाखात, पाठीवर हवेची टाकी न घेता, श्वास रोखून पोहलेत. वर नायिका पोहतेय, खाली तो तिच्याच लयीत पोहतोय, हळूच तिच्या पायाला हात लावून मागे घेतोय. त्या क्षणी मला त्याची भीती वाटत नाही, जीव तुटतो त्याच्यासाठी. (हा प्रसंग मोठ्या पडद्यावर बघायला मिळाला तर सोडू नका.)